दोन लसींमध्ये किती दिवस थांबायचं?

प्रश्न : माझ्या वडिलांचं वय ६८, मधुमेह आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी फ्लूची लस घेतली. न्यूमोनियाची आणि नागिणीची लसही द्यायची आहे, पण औषधाच्या दुकानात सांगितलं की दोन लसींत निदान महिना जाऊ द्या. मुलगी ऑगस्टमध्ये एमएस करायला अमेरिकेला जातेय, विद्यापीठाने लसींची लांबलचक यादी पाठवली आहे. आणि जुलैत मी व माझे यजमान केनियाला जाणार आहोत, त्यासाठी पीतज्वराची लस लागते म्हणे. हे सगळं किती अंतराने घ्यायचं? (नाशिक)

उत्तर :

बाबांना महिनाभर थांबवू नका. न्यूमोनियाची लस उद्या दिली तरी चालेल. खरं तर फ्लूच्या लसीबरोबर त्याच दिवशी दुसऱ्या दंडात दिली असती तरी काही बिघडलं नसतं. मुलीच्या यादीत मात्र २८ दिवसांचं एक अंतर आहे आणि ते काटेकोर पाळावं लागतं. केनियासाठी तर आजच कॅलेंडर घेऊन बसा.

‘दोन लसींत महिना’ हे मी रोज ऐकतो. पेशंटच सांगतात असं नाही, दवाखान्यातल्या सिस्टरही सांगतात. त्याला कारणही आहे. जानेवारी २०२१मध्ये कोविडचं लसीकरण सुरू झालं तेव्हा कोविडची लस आणि दुसरी कुठलीही लस यांत किमान १४ दिवस ठेवा, अशी सूचना होती. लस नवी होती, कुठल्या लसीमुळे काय त्रास झाला ते वेगळं ओळखता यावं म्हणून ती सावधगिरी होती. त्यातच कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी ४ ते ६ आठवडे, मग ६ ते ८ आणि मे २०२१मध्ये १२ ते १६ आठवडे असं बदलत गेलं. लोकांच्या मनात एवढंच राहिलं की लस घेतली की थांबायचं. किती, कशासाठी आणि कोणत्या लसीनंतर, हे सगळं निसटलं.

आधी लसींची जात ओळखायला हवी. काही लसींमध्ये जिवंत पण क्षीण केलेला विषाणू असतो. मोठ्यांना लागणाऱ्या लसींपैकी एमएमआर म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्यांची लस आणि पीतज्वराची लस या जिवंत. नाकात फवारायची फ्लूची लसही जिवंतच. बाकी बहुतेक सगळ्या निर्जीव : दंडात टोचायची फ्लूची लस, न्यूमोनिया, कावीळ बी, धनुर्वात, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची), टायफॉइडचं इंजेक्शन, मेंदूज्वराची मेनिंगोकॉकल लस, रेबीज आणि नागिणीची नवी लस शिंग्रिक्स.

निर्जीव लस दुसऱ्या निर्जीव लसीबरोबर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, केव्हाही चालते. निर्जीव आणि जिवंत यांचंही तसंच. अंतर मोजायचं ते टोचायच्या किंवा नाकातून द्यायच्या दोन वेगवेगळ्या जिवंत लसींमध्ये. त्या एक तर एकाच दिवशी द्यायच्या, नाही तर मध्ये किमान २८ दिवस ठेवायचे.

असं का? जिवंत लस काम करते ती शरीरात थोडीफार वाढून. पहिली लस टोचल्यावर काही दिवसांत शरीर इंटरफेरॉन नावाची रसायनं सोडतं आणि विषाणूंविरुद्ध सगळीकडे नाकाबंदी होते. अशा वेळी दुसरी जिवंत लस दिली तर तिचा विषाणू वाढायच्या आधीच अडवला जातो आणि प्रतिकारशक्ती नीट तयार होत नाही. दोन्ही एकाच दिवशी दिल्या तर नाकाबंदी उभी राहण्याआधीच दोघी आत पोचलेल्या असतात. अमेरिकेत मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा हे दिसलं : एमएमआरनंतर महिना पुरा व्हायच्या आत कांजिण्यांची लस मिळालेल्या मुलांना लस घेऊनही कांजिण्या होण्याचा धोका सुमारे अडीच पट होता. पेशंटला त्रास काहीच होत नाही, म्हणून ही चूक लक्षात येत नाही. लस घेतल्याची नोंद राहते, संरक्षण राहत नाही.

चुकून २० दिवसांनीच दुसरी जिवंत लस दिली गेली तर ती मोजायची नाही. त्या तारखेपासून पुन्हा किमान २८ दिवसांनी तीच लस परत द्यायची. आणि मोजताना दिवस मोजा, ‘पुढच्या महिन्याची तीच तारीख’ असा हिशोब नको.

मुलीची यादी

अमेरिकी विद्यापीठांच्या यादीत बहुधा एमएमआरचे दोन डोस, कांजिण्यांचे दोन, कावीळ बीचे तीन, टीडॅपचा (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची एकत्र लस) एक, मेनिंगोकॉकलचा एक आणि क्षयाची तपासणी असते. सगळ्यात आधी तिची बाळपणीची लसीकरणाची फाइल शोधा. लहानपणी एमएमआर आणि कांजिण्यांचे डोस झालेले असतील आणि त्यावर तारखा व शिक्के असतील, तर अर्धं काम झालंच. एक खोच मात्र आहे. आपल्याकडे गोवराचा पहिला डोस ९व्या महिन्यात देतात. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस हिशोबात धरत नाहीत. त्यामुळे फाइलमध्ये दोन नोंदी दिसल्या तरी त्यांच्या लेखी एकच असू शकते.

फाइल मिळालीच नाही, असं धरून चालू. पहिल्या भेटीत एमएमआरचा पहिला डोस, कांजिण्या होऊन गेल्या नसतील तर त्याचा पहिला डोस, टीडॅप, मेनिंगोकॉकल आणि कावीळ बीचा पहिला डोस, हे सगळं एकाच दिवशी देता येतं. दोन दंड पुरतात, एकाच दंडात दोन सुया द्यायच्या तर मध्ये इंचभर जागा सोडतात. पाच लसी एकदम म्हटल्यावर आईवडील दचकतात, ते मी समजू शकतो. दंड दुखेल, रात्री कणकण येईल, एक पॅरासिटामॉल घ्यावी लागेल. प्रतिकारशक्तीवर त्याचा ताण येत नाही. ज्यांना एवढ्या सुया एकदम नकोत त्यांनी निर्जीव लसी खुशाल पुढच्या आठवड्यात घ्याव्यात. एमएमआर आणि कांजिण्यांची जोडी मात्र फोडू नका. फोडलीत तर लगेच २८ दिवसांचा घोळ सुरू होतो.

दुसरी भेट २८ दिवसांनंतर : एमएमआरचा दुसरा, कांजिण्यांचा दुसरा, कावीळ बीचा दुसरा. कावीळ बीचा तिसरा डोस पहिल्यापासून सहा महिन्यांनी, म्हणजे तो तिकडे गेल्यावर. विद्यापीठं ते मान्य करतात, पण आधी ईमेलने विचारून ठेवलेलं बरं.

क्षयाची तपासणी याच दिवसांत बसवायची आहे, आणि बहुतेक विद्यार्थी इथेच अडकतात. एमएमआरसारख्या जिवंत लसीनंतर काही आठवडे मॉन्टूची (त्वचेत टोचून करायची) चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. रक्तावरच्या आयग्रा तपासणीबाबतही तीच काळजी घेतात. म्हणून तपासणी एक तर लसीच्या आधी करायची, नाही तर लसीच्याच दिवशी, नाही तर लसीनंतर ४ आठवड्यांनी. पहिल्या भेटीतच रक्त देऊन टाका. आपल्याकडे सगळ्यांना बीसीजी दिलेली असते आणि त्यामुळे मॉन्टू कधी कधी उगाच पॉझिटिव्ह येते. म्हणून विद्यापीठाला चालत असेल तर रक्ताची तपासणीच बरी.

आता तारखांविषयी. आपण ५ जून हे ०५/०६ असं लिहितो. अमेरिकेतला कारकून ते ६ मे असं वाचतो. दोन डोसांत पुरेसं अंतर असूनही कागदावर ते १५-२० दिवसांचं किंवा उलट्या क्रमाचं दिसतं आणि फॉर्म परत येतो. एका विद्यार्थिनीला तिकडे पोचल्यावर केवळ यापायी एमएमआर पुन्हा टोचून घ्यावी लागली, तीही डॉलरमध्ये. तेव्हापासून मी महिना अक्षरांतच लिहितो, आणि लसीच्या बाटलीवरचा बॅच क्रमांकाचा स्टिकर कार्डावर चिकटवतो. तुमच्या डॉक्टरांनाही तसं करायला सांगा.

एकाच लसीच्या दोन डोसांमधलं अंतर तीनचार दिवसांनी कमी भरलं, तर अमेरिकेच्या नियमात चार दिवसांपर्यंत सवलत आहे. एमएमआर आणि कांजिण्या अशा दोन वेगळ्या जिवंत लसींमधल्या २८ दिवसांना ती लागू नाही. सवलतीवर विसंबून तारीख ठरवूच नका, सरळ ३० दिवसांनंतरची घ्या.

केनिया

पीतज्वराची लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते. बऱ्याच केंद्रांवर आठवड्यातले ठरावीक वार असतात आणि नाव आधी नोंदवावं लागतं. म्हणून सगळ्यात पहिला फोन त्या केंद्राला करा. लसीचं पिवळं प्रमाणपत्र टोचल्यानंतर १०व्या दिवसापासून ग्राह्य धरतात. प्रस्थानाच्या आठवड्यात लस घेणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं. आपल्याकडून निघताना कोणी विचारलं नाही, तरी केनियाहून परतताना भारतातल्या विमानतळावर ते मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. जुलै २०१६पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी चालतं. त्यामुळे दर १० वर्षांनी पुन्हा टोचायचं कारण उरलेलं नाही.

ही लस जिवंत आहे. तुमच्यापैकी कोणाला एमएमआर किंवा कांजिण्यांची लस घ्यायची असेल तर त्याच दिवशी घ्या, नाही तर आधी किंवा नंतर २८ दिवस सोडा. टायफॉइडचं इंजेक्शन, धनुर्वात, फ्लू यांना कसलंच बंधन नाही. कावीळ एच्या लसीबाबत मात्र नीट विचारा. भारतात ती दोन प्रकारांत मिळते. निर्जीव असते ती दोन डोसांची, मध्ये सहा महिन्यांचं अंतर ठेवायची. दुसरी जिवंत आणि एका डोसाची. जिवंत घेतलीत तर पीतज्वराशी तिचाही २८ दिवसांचा हिशोब लागतो. बिलावर फक्त ‘हिपॅटायटिस ए’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून खोक्यावरचं नाव बघून घ्या.

अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं चालू असतील किंवा वय साठीच्या पुढे असेल तर केंद्रावर जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला. बाबांनाही सोबत न्यायचा विचार असेल तर हे विशेष लक्षात ठेवा. साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेणाऱ्यांत क्वचित गंभीर त्रास होतो.

बाबा

फ्लूची लस दरवर्षी घ्यायची. न्यूमोनियाच्या लसी दोन प्रकारच्या आहेत आणि अंतराचा प्रश्न खरा इथे येतो. एक कॉन्ज्युगेट, १३ किंवा २० प्रकारच्या जंतूंवरची. दुसरी जुनी, २३ प्रकारांवरची, पॉलिसॅकराइड. या दोन्ही निर्जीव असूनही एकत्र देत नाहीत, कारण त्या एकाच जंतूच्या कवचावर काम करतात आणि घाई केली तर दुसरीचा परिणाम उणा पडतो. बाबांना १३ची दिली तर २३ची एक वर्षाने. मूत्रपिंड निकामी असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर वर्षाऐवजी किमान ८ आठवडे. नुसत्या मधुमेहाला वर्षाचंच अंतर. आधी कधी २३ची दिलेली असेल तर कॉन्ज्युगेट त्यानंतर वर्षाने. आणि २०ची लस मिळाली तर तो एकच डोस पुरतो, पुढे २३ची गरज राहत नाही.

नागिणीच्या लसीचे दोन डोस, मध्ये २ ते ६ महिने. ही निर्जीव आहे, त्यामुळे फ्लूची घेऊन आठवडा झाला असेल तरी हरकत नाही. मात्र या लसीने ताप, अंगदुखी आणि दंडाची सूज बऱ्याच जणांना एकदोन दिवस चांगलीच जाणवते. म्हणून वयस्कर पेशंटला मी ती न्यूमोनियाच्या लसीबरोबर न देता आठदहा दिवस मागेपुढे देतो. पेशंट घरी अंथरुणाला खिळला तर तो दुसरा डोस घ्यायला यायचाच नाही, आणि या लसीत दुसरा डोस फार महत्त्वाचा आहे. हे अंतर मी सोयीसाठी ठेवतो, नियमात ते नाही. कोणी परगावाहून एकाच दिवसासाठी आलं असेल तर दोन्ही त्याच दिवशी देऊन मोकळा होतो. नुकतीच नागीण होऊन गेली असेल तर पुरळ पूर्ण सुकून दुखणं ओसरेपर्यंत थांबायचं.

एकाच लसीचे डोस, आणि राहून गेलेले

एकाच लसीच्या डोसांमध्ये अंतर ठेवायचं कारण वेगळं. पहिल्या डोसाने शरीर जंतूची ओळख करून घेतं. त्यानंतर पुढचे काही महिने आठवण ठेवणाऱ्या पेशी निवडल्या जातात, त्यांच्यातल्या चांगल्या पेशी टिकतात. शेवटचा डोस या पक्व झालेल्या पेशींना मिळाला की संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून कावीळ बीचा तिसरा डोस सहाव्या महिन्यात. तो घाईने उरकायचा झाला तरी पहिल्यापासून १६ आठवडे आणि दुसऱ्यापासून ८ आठवडे यांच्या आत नाही. एचपीव्ही १५ वर्षांनंतर सुरू केली तर तीन डोस : ०, २ आणि ६ महिने.

उशीर झाला तर? हा प्रश्न विचारायलाही लोकांना संकोच वाटतो. दुसरा डोस राहिला, तीन वर्षं झाली, आता पहिल्यापासून सगळं करावं लागेल या भीतीने कित्येक जण तोंडच दाखवत नाहीत. पुन्हा सुरुवात करायची नाही. जिथे थांबलात तिथून पुढचा डोस घ्या. कावीळ बी, एचपीव्ही, शिंग्रिक्स, एमएमआर, सगळ्यांना हे लागू आहे. लवकर घेतलेला डोस वाया जातो, उशिरा घेतलेला जात नाही. एवढंच की मधल्या काळात संरक्षण अपुरं असतं.

धनुर्वाताचं मात्र आपण उलटंच करतो. खिळा लागला की टीटी, पत्रा लागला की टीटी, वर्षातून दोनदा टीटी. मूळचे तीन डोस पूर्ण झाले असतील तर बूस्टर १० वर्षांनी पुरतो. जखम खोल, मातीने किंवा शेणाने माखलेली असेल तर ५ वर्षांनी. सारखं टोचून घेतल्याने जास्तीचं संरक्षण मिळत नाही, उलट दंड कोपरापर्यंत सुजतो. आता टीटीऐवजी टीडी मिळते, तिच्यात घटसर्पाचाही अंश असतो, तीच घ्या. गरोदर बाईला टीडॅप प्रत्येक खेपेला २७ ते ३६ आठवड्यांत द्यावी, मागच्या डोसाला किती दिवस झाले ते न बघता. एमएमआर आणि कांजिण्यांची लस गरोदरपणात देत नाहीत, आणि घेतल्यावर निदान महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

रक्त, स्टेरॉइड, शस्त्रक्रिया

डॉक्टरांना हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. रक्त चढवलं असेल तर त्यातल्या आयत्या प्रतिद्रव्यांमुळे एमएमआर आणि कांजिण्यांची लस निष्प्रभ होते. लाल पेशींच्या पिशवीनंतर सहा महिने थांबतात, शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे तयार प्रतिद्रव्यं) दिलं असेल तर आठ ते अकरा महिने. निर्जीव लसींना याची बाधा नाही. पीतज्वराच्या लसीलाही नाही.

प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, दोन आठवडे किंवा जास्त घेतलं असेल तर ते थांबल्यावर महिनाभर जिवंत लस द्यायची नाही. दम्याचा पंप किंवा त्वचेचं मलम यात धरत नाहीत. प्लीहा काढायची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर लसी किमान १४ दिवस आधी घ्याव्यात. तातडीने काढावी लागली तर नंतर १४ दिवसांनी. साधी सर्दी, पडसं, अँटिबायोटिकचा कोर्स यांसाठी लस पुढे ढकलायचं काहीच कारण नाही. अंगात चांगलाच ताप असेल तर उतरू द्या.

कुत्रा चावला तर

हे तुम्ही विचारलेलं नाही, पण अंतराच्या गैरसमजाने खरा जीव जातो तो इथे. ‘परवाच फ्लूची लस घेतलीय, रेबीजची आठ दिवसांनी घेऊ का?’ असं विचारणारे येतात. नाही. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. आदल्या दिवशी कुठलीही लस घेतलेली असो, गरोदरपण असो, ताप असो. त्वचेत द्यायची पद्धत असेल तर दिवस ०, ३, ७ आणि २८. दंडात स्नायूमध्ये असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८. रक्त आलं असेल तर जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिनही पहिल्याच दिवशी द्यायला हवं. त्या दिवशी मिळालं नाही तर लसीच्या पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं, त्यानंतर नाही. पूर्वी पूर्ण कोर्स झालेला असेल आणि पुन्हा चावला तर ० आणि ३ असे दोनच डोस, इम्युनोग्लोब्युलिन नको. मुलीची एमएमआर बाकी असताना असं काही झालं आणि तिला माणसाच्या रक्तापासून केलेलं इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागलं, तर एमएमआर चार महिने पुढे जाईल. विद्यापीठाला त्याचं प्रमाणपत्र मी लिहून देईन.